चॅट्सवर्थच्या कुरणांतून रमतगमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेफिल्ड, डर्बी, नॉटिंगहॅम या बाजूला राहणारी आम्ही काही मराठी मंडळी अधूनमधून चॅट्सवर्थच्या इस्टेटीत चालायला जातो. सोबत बऱ्याचदा भारतातून आलेले आई-वडील, सासू-सासरे असतात. येण्याआधी लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ही फेरी म्हणजे नेमकं काय? ट्रेक आहे का?

ट्रेक नाही. सह्याद्रीतले गड चढणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो, इथे सर करण्यासारखं काही नाही. डर्बीशरमध्ये डर्वेंट नदीच्या खोऱ्यात ही इस्टेट पसरली आहे. मध्ये डेव्हनशरच्या ड्यूकांचा प्रचंड वाडा, भोवती साधारण एक हजार एकरांचं कुरण, वर डोंगरउतारावर जंगल. १५४९ मध्ये सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्यांची पत्नी बेस यांनी ही जागा विकत घेतली, तेव्हापासून ती त्याच घराण्याकडे आहे. आपण बास्लो गावातून कुरणात शिरतो, नदीच्या काठाकाठानं जातो, एक देखणं गाव बघतो, डबा खातो आणि परत येतो. निम्मा वेळ चालण्यात जातो आणि निम्मा थांबण्यात. थांबणं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

गट एवढा लहान का ठेवता? आमच्या ओळखीची आणखी दोन कुटुंबं यायची म्हणतात.

आठ-दहा जणांपुढे गेलं की दोन तट पडतात. पुढचे पुढे निघून जातात, मागचे धापा टाकत त्यांना गाठतात आणि गाठेपर्यंत पुढच्यांची विश्रांती संपलेली असते. म्हणजे ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही. म्हणून आमच्याकडे सर्वांत हळू चालणारी व्यक्ती पुढे असते आणि बाकीचे तिच्या चालीनं चालतात. आणखी दोन कुटुंबं येणार असतील तर त्यांच्यासाठी दुसरा दिवस ठरवू.

कुणाच्या तरी खासगी जमिनीतून असं बिनधास्त चालता येतं? परवानगी, तिकीट वगैरे?

वाडा आणि वाड्याची बाग बघायला तिकीट आहे. कुरणातल्या पायवाटांना नाही. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वडीलधारी व्यक्ती विचारते, आणि भिंतीतल्या फाटकाला हात लावताना थोडी बिचकतेही. त्यामागचा इतिहास सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

इंग्लंडमध्ये जमीन कुणाच्याही मालकीची असली तरी तिच्यावरून जाणाऱ्या जुन्या पायवाटांवर लोकांचा वहिवाटीचा हक्क असतो. आपल्याकडच्या गाव नकाशावर जसा शिव रस्ता किंवा पाणंद दाखवलेली असते, तशा इथे या पायवाटा सरकारी नकाशावर असतात, आणि मालकाला त्या अडवता येत नाहीत. पण हा हक्क फक्त पायवाटेपुरता. उघड्या डोंगरमाळांवर मोकळं फिरणं हे कामगारांनी भांडून मिळवलं आहे. इथून वायव्येला किंडर स्काउट नावाचा उंच माळ आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मोठ्या जमीनदारांनी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता आणि पहारेकरी लोकांना हाकलून लावत. २४ एप्रिल १९३२ या दिवशी मँचेस्टर-शेफिल्डकडचे शेकडो तरुण, बहुतेक गिरण्या-कारखान्यांत राबणारे, मुद्दाम एकत्र जमून त्या माळावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा जेमतेम विशीत होता. झटापट झाली, धरपकड झाली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. त्या शिक्षेनं देशभर सहानुभूती उसळली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१ मध्ये हाच पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. डोंगरमाळांवर फिरण्याचा सार्वत्रिक हक्क मिळायला मात्र २००० सालचा कायदा यावा लागला.

किंडरचा तो माळ ज्यांच्याकडे होता, त्यांत डेव्हनशरचे ड्यूकही होते. म्हणजे याच वाड्याचे मालक. २००२ मध्ये, त्या घटनेला ७० वर्षं झाली तेव्हा, अकराव्या ड्यूकांनी आपल्या आजोबांच्या काळातल्या त्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. तेव्हा फाटक उघडताना बिचकू नका. फक्त फाटक जसं सापडलं तसंच ठेवा. बंद असेल तर आत गेल्यावर बंद करा, उघडं लावून ठेवलेलं असेल तर तसंच राहू द्या, कारण शेतकऱ्यानं गुरांना पाण्यावर जायला ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं.

किती चालावं लागेल? माझ्या सासऱ्यांचे गुडघे दुखतात.

पूर्ण फेरी साधारण नऊ-दहा किलोमीटर होते. ज्यांना तेवढं नको, त्यांनी बास्लो ते वाडा एवढंच चालावं, ते अडीच किलोमीटरच्या आसपास आहे आणि जवळपास सपाट. बास्लोच्या बाजूचं फाटक व्हीलचेअर जाईल असं केलेलं आहे. वाड्यापाशी बसायला जागा, चहा, स्वच्छतागृह सगळं आहे. तिथून कुणाच्या तरी गाडीनं परतता येतं. सासऱ्यांना हातात काठी द्या. चढापेक्षा ओल्या गवताच्या उतारावर ती जास्त उपयोगी पडते.

वाट कशी आहे?

बास्लोच्या नेदर एंड भागातून ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडला की दोन-चार घरं मागे पडतात आणि कुरण सुरू होतं. नदी उजव्या हाताला. थोड्या वेळानं समोर वाडा दिसू लागतो, पिवळट दगडाचा. त्याच्या अलीकडे पाण्यानं वेढलेला एक चौकोनी दगडी चौथरा लागतो, त्याला क्वीन मेरीज बॉवर म्हणतात. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडमध्ये कैदेत होती, तेव्हा १५७० नंतरच्या वर्षांत तिला अनेकदा चॅट्सवर्थला आणून ठेवलं होतं. बेसचा चौथा नवरा अर्ल ऑफ श्रूजबरी हा तिचा राखणदार होता.

पुढे तीन कमानींचा पूल ओलांडायचा आणि चढून एन्झर गावात जायचं. पाटीवरची अक्षरं वाचून ईडेन्सर म्हणाल, पण बसचालकाला विचारताना एन्झर म्हणा. गाव बघून पुन्हा नदीवर उतरायचं आणि पाण्याच्या दिशेनं दक्षिणेला जायचं. तिथे एक पडकी पाणचक्की आहे. १७६० च्या सुमारास जेम्स पेन या वास्तुरचनाकारानं ती बांधली, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे धान्य दळलं जाई आणि १९६२ च्या वादळात दोन झाडं कोसळून तिचं छप्पर गेलं. तिच्या भिंतींच्या आडोशाला वारा लागत नाही. डबा तिथेच उघडायचा.

ज्यांच्या पायात दम आहे त्यांनी परतताना वाड्यामागच्या स्टँड वूडमध्ये चढावं. बरीच चढण आहे. वर १५८० च्या दशकात बांधलेला शिकारीचा मनोरा आहे. वाड्यातल्या स्त्रिया तिथून खालची शिकार बघत. बाकीच्यांनी खाली चहा घेत थांबावं, कुणी घाई करणार नाही.

आई म्हणते, “निसर्ग बघायला एवढ्या लांब कशाला?” खरंच तिथे वेगळं काय आहे?

आईंना सांगा, इथे बघायचा आहे तो माणसाच्या हातचा निसर्ग. ही नदी, हे उतार, मध्येच उभे झाडांचे पुंजके, सगळं आपोआप असल्यासारखं वाटतं. त्यातलं बरंचसं ठरवून केलेलं आहे.

सतराव्या शतकाच्या शेवटी पहिल्या ड्यूकनं वाडा नव्यानं बांधला, तेव्हा भोवतीची बाग आखीव होती. सरळ रस्ते, भौमितिक वाफे, रेषेत लावलेली झाडं. १७६० च्या आसपास चौथ्या ड्यूकनं बागा-कुरणांची रचना करणाऱ्या लान्सलॉट ब्राउन याला बोलावलं. ब्राउननं आखीव बागेचा मोठा भाग मोडून तिथे गवत आणलं. नदीत बंधारे घालून पाणी रुंद आणि संथ दिसेल असं केलं. क्षितिजावर झाडं लावली, म्हणजे वाड्याच्या खिडकीतून बघणाऱ्याला शेतं, गोठे, गरिबांची घरं काही दिसू नये. पूल वाड्याच्या रेषेत न बांधता तिरपा बांधला. बग्गीतून येणाऱ्या पाहुण्याला पुलावर पोचताच वाड्याची पूर्ण पश्चिम बाजू समोर दिसावी, ही त्यामागची योजना. हा पूलही जेम्स पेनचाच. आपण पायी येतो, तरी तो पूल आजही आपलं काम चोख करतो. पुलावर पाऊल पडलं की बोलणं थांबतं.

एक गोष्ट सकाळी लवकर किंवा उतरत्या दुपारी जरूर शोधा. तिरपं ऊन पडलं की गवताखाली समांतर उंचवटे दिसतात. शेती केलेल्या घरातला माणूस बघताक्षणी म्हणतो, हा सरी-वरंबा आहे. आहेच तो. मध्ययुगातल्या शेतकऱ्यांनी बैलांच्या नांगरानं वर्षानुवर्षं नांगरलेल्या पट्ट्यांच्या त्या खुणा आहेत. बाकी इंग्लंडात पुढच्या नांगरटीनं अशा खुणा बहुतेक पुसून टाकल्या. इथे शेतं मोडून कुरण झालं आणि मग नांगर लागलाच नाही, म्हणून त्या टिकल्या. मला वाड्याच्या सोनेरी खिडक्यांपेक्षा हे उंचवटे जास्त मोलाचे वाटतात. वाडा बांधणाऱ्यांची नावं पुस्तकांत आहेत. यांची कुठेच नाहीत.

दुसरी खूण झाडांवर. कुरणातल्या मोठ्या झाडांची खालची पालवी एकाच उंचीवर कापल्यासारखी सपाट असते. तिथवर हरणांचं तोंड पोचतं.

एन्झर गाव बघायला वेळ का ठेवता?

कारण ते हलवलेलं गाव आहे. जुनं एन्झर नदीच्या अंगाला, वाड्यातून दिसेल असं होतं. अठराव्या शतकापासून त्यातली घरं हळूहळू पाडली गेली आणि १८३८ ते १८४२ या काळात सहाव्या ड्यूकनं टेकडीआड नवं गाव वसवलं. आराखडा होता ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्सटन आणि वास्तुरचनाकार जॉन रॉबर्टसन यांचा. एकही घर दुसऱ्यासारखं नाही. एकाला स्विस पद्धतीचं छप्पर, एकाला इटालियन मनोरा, एकाला किल्ल्यासारखे कंगोरे. ड्यूकला नमुन्यांच्या पुस्तकातून एक निवडता येईना, म्हणून त्यानं सगळेच निवडले अशी गोष्ट इथे सांगतात. दारं-खिडक्या मात्र इस्टेटीच्या ठरावीक निळ्या रंगाच्या. रस्त्याच्या पलीकडे जुन्या गावातलं एकच घर भिंतीच्या आत एकटं उभं आहे. त्याच्यापाशी मिनिटभर थांबा. धरणाखाली गाव गेलेली माणसं आमच्या गटात येऊन गेली आहेत. नव्या गावातली घरं जुन्यापेक्षा चांगली होती हे त्यांना सांगितलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न असतो, “लोकांना विचारलं होतं का?” रास्त प्रश्न आहे, आणि या देखण्या गल्लीत उभं राहून तो विचारायलाच हवा.

सेंट पीटर चर्च जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं १८६० च्या दशकात नव्यानं बांधलं. त्याच्या आवारात वरच्या बाजूला ड्यूकांच्या साध्या कबरी आहेत आणि त्यांच्या माळ्याची, पॅक्सटनची, कबर त्यांच्यापेक्षा भारदस्त आहे. तिथेच कॅथलीन केनेडी यांची कबर आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची ही बहीण १९४४ मध्ये कॅव्हेंडिश घराण्यातल्या थोरल्या मुलाशी लग्न करून आली. काही महिन्यांत नवरा युद्धात मारला गेला आणि १९४८ मध्ये ती विमान अपघातात गेली. जून १९६३ मध्ये केनेडी अध्यक्ष असताना या कबरीपाशी येऊन गेले. पाच महिन्यांनी त्यांचीही हत्या झाली.

कुणीतरी सांगितलं की जळगावच्या केळ्याचा इथे संबंध आहे. खरं का?

नात्याचं खरं आहे, येण्या-जाण्याचं नाही. पॅक्सटन १८२६ मध्ये २३ व्या वर्षी इथे मुख्य माळी म्हणून लागला. पुढे १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनातला क्रिस्टल पॅलेस उभारला तो यानंच. १८३० च्या सुमारास त्यानं मॉरिशसहून इंग्लंडात आलेलं एक बुटकं केळीचं रोप मिळवलं आणि इथल्या काचघरात वाढवलं. मूळ रोप दक्षिण चीनकडचं. १८३५ मध्ये त्याला केळफूल आलं. पॅक्सटननं या जातीला आपल्या मालकाच्या घराण्याचं नाव दिलं, कॅव्हेंडिश. आज जगात निर्यात होणारी बहुतेक केळी याच गटातली आहेत. रावेर-यावलच्या बागांतली बसराई आणि ग्रँड नैन, नांदेडची अर्धापुरी, ही सगळी त्याच गटातली. जळगावात केळी चॅट्सवर्थहून आली असं मात्र कुणाला सांगू नका. नाव तेवढं इथलं.

भारताशी आणखी एक सरळ धागा आहे. १८३५ मध्ये ड्यूकनं जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला झाडं गोळा करायला भारतात पाठवलं. तो खासी टेकड्यांत हिंडला आणि १८३७ मध्ये ऑर्किडची मोठी खेप घेऊन परतला. त्यांतल्या एका जातीच्या शास्त्रीय नावात आजही डेव्हनशर आहे. टेकड्यांत ती फुलं दाखवणाऱ्या खासी माणसांचं नाव त्यात नाही, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

वाडा आतून बघायचा का? कारंजं बाहेरून दिसतं का?

फेरी आणि वाडा एकाच दिवशी नको. वाड्याला आणि बागेला पूर्ण दिवस द्या, वेगळा. जानेवारी-फेब्रुवारीत वाडा बंद असतो, हे लक्षात ठेवून तिकीट काढा. कारंजं चालू असेल तर नदीच्या पलीकडूनही त्याचा स्तंभ दिसतो. एम्परर फाउंटन हे त्याचं नाव. रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून पॅक्सटननं १८४४ मध्ये ते घाईनं उभारलं. वरच्या माळावर आठ एकरांचं तळं खोदलं आणि तिथून पाणी नळानं खाली आणलं. पंप नाही, फक्त उंचीचा दाब. त्यावर पाणी ९० मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार काही आला नाही.

हरणं आणि मेंढ्या काही करतात का?

लांब राहिलात तर काही नाही. ऑक्टोबरमध्ये नर हरणं माजावर असतात, ओरडतात, एकमेकांना भिडतात. तेव्हा निदान ५० मीटर अंतर ठेवा. जूनच्या सुमारास गवतात पाडस एकटं दिसलं तर हात लावू नका, त्याची आई जवळपासच चरत असते. वसंतात मेंढ्यांसोबत कोकरं असतात. कुत्रा आणणार असाल तर तो दोरीनं बांधलेलाच हवा, पूर्ण वेळ.

उंच गवतात गोचिडी असतात. घरी गेल्यावर पाय, गुडघ्यामागचा भाग, काख नीट बघा, मुलांचे केसही. चिकटलेली दिसली तर चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. पुढच्या दिवसांत तिथे वाढत जाणारं लाल वर्तुळ उमटलं तर डॉक्टरांकडे जा, लाइम नावाचा आजार त्यातून होतो आणि वेळेवर औषध घेतलं की बरा होतो.

कपडे, बूट?

जाड तळव्याचे, पाणी न शिरणारे बूट. साडी नेसून आलेल्या मावश्याही आरामात चालल्या आहेत, फक्त खाली लोकरी मोजे आणि बूट हवेत. जुलै असला तरी पाऊस अडवणारं जाकीट सॅकमध्ये असू द्या. छत्री वाऱ्यात उलटते.

पाऊस आला तर रद्द करता का?

रिपरिप असेल तर जातो. वादळाचा इशारा असेल, किंवा नदीनं काठ सोडला असेल तर जात नाही.

सगळ्यात चांगला काळ कोणता?

मला विचाराल तर मे. काटेरी हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी भरतो, कोकरं असतात आणि रात्री नऊपर्यंत उजेड. त्याखालोखाल ऑक्टोबर, हरणांसाठी आणि बीच झाडांच्या तांबूस पानांसाठी. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, त्यामुळे अर्धीच फेरी होते. ऑगस्टच्या शेवटी कुरणात मोठी जत्रा भरते, तेव्हा गर्दी टाळलेली बरी.

जेवणाचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

डबा घरूनच आणा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही-भात, थर्मासमध्ये चहा. गार वाऱ्यात दशमी मऊ राहते, पोळी वातड होते. एन्झरमध्ये चहाची छोटी जागा आहे, पिल्सली गावात इस्टेटीचं दुकान आहे, आणि बेकवेलला जाणार असाल तर तिथलं बेकवेल पुडिंग खा. त्यात अंडं असतं, खात नसाल तर आधी सांगा. कचरा सोबत परत न्यायचा, केळ्याची सालंसुद्धा.

स्वच्छतागृह?

बास्लोत आहे आणि वाड्यापाशी आहे. पाणचक्कीच्या बाजूला नाही. निघण्यापूर्वी जाऊन या.

गाडी नाही. कसं यायचं?

लंडनहून सेंट पॅन्क्रसवरून शेफिल्डची गाडी, दोन तासांच्या आसपास. शेफिल्डहून बास्लो आणि चॅट्सवर्थकडे बस येते. रविवारचं आणि सुट्टीच्या दिवसांचं वेळापत्रक वेगळं असतं, आदल्या रात्री बघून घ्या. खोऱ्यात काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून परतीच्या बसची वेळ कागदावर लिहून ठेवा आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २४ क्रमांकाचा नकाशा एकाकडे तरी असू द्या. शेवटची बस चुकली तर बास्लोतल्या पबमध्ये बसून टॅक्सी मागवता येते. आई-वडिलांना रस्त्याच्या कडेला अंधारात चालवत नेऊ नका, तिथे पदपथ सगळीकडे नाही.